दीडची वायर

आहेर वहिनी म्हणतात, मोठी बसवून द्या.
सोळाची पडते ना, मग बत्तीसची.
एका खटक्याचं तर काम,
आणि मघापासून टॉर्च मारून बघताय काय?

वहिनी, मी तार बघतोय.

पवननगर, सिडको. मुळात दीड खोली,
एक ट्यूब, दोन पंखे, एक टीव्ही एवढ्या हिशेबाची.
मग सोसायटीचं कर्ज काढून वरचा मजला,
मग लेकाच्या लग्नासाठी गच्चीवर पत्र्याची खोली.
लेक पुण्याला गेला, खोलीत भाडेकरू आला.
घर चढत गेलं,
खाली मीटरशेजारी डबा तेवढाच राहिला.

भाडेकरू गोकुळ महाले. अंबडला सेकंड शिफ्ट.
रात्री साडेअकराला येतो, इंडक्शनवर खिचडी टाकतो.
खाली वहिनींचा एसी चालू.
खटका लगेच पडत नाही,
आधी तापतो,
चार-पाच मिनिटं विचार करतो,
मग टक्.
सगळं घर काळं. जिन्यातून वहिनींचा आवाज वर.
गोकुळ अंधारात, पातेल्यात अर्धे कच्चे तांदूळ,
आणि रोज माफी मागतो,
जशी काही वीज त्यानं एकट्यानं खाल्ली.

मुदस्सर, सातपूरच्या आयटीआयचा,
बोटांवर मोजतो: एसी आठ, शेगडी नऊ,
फ्रिज, पंखे, वरचं किरकोळ.
"एकोणीस झाले, चाचा."

भिंतीतल्या तारेला तोंड नाही, वहिनी.
ह्या सोळाच्या खटक्याला आहे.

आणि बत्तीसची बसवली तर?
तर काही होणार नाही.
उजेड राहील. खिचडी शिजेल.
आत वायरीची कातडी मऊ पडेल,
मग ठिसूळ,
आणि एखाद्या श्रावणात तुम्ही विचाराल,
घरात मासळीचा वास कुठून येतोय?
तोवर फार वेळ उरलेला नसतो.

बोर्ड उघडला.
मागे पिळून मारलेला जोड, टेप गुळासारखी चिकट.
तिथून पिवळी दीडची वायर,
न्हाणीच्या पाइपातून वर,
अर्ध्यात संपली म्हणून पुढे काळी.
"काळ्यात फेज!" मुदस्सर ओरडला,
"कुठल्या गाढवानं केलंय हे?"
आणि टॉर्च आत घालून वाचायला लागला,
प्लॅस्टरवर शिसपेन्सिलीनं:
*तात्पुरते. दिवाळीनंतर बदलणे.*
*ऑक्टोबर २००४.*

त्या "पु"चं शेपूट
खालच्या ओळीपर्यंत गेलेलं.
मी अजून तसंच काढतो.

आठवलं मग. संध्याकाळ होती,
पाहुणे उतरले होते, लाल बंडल संपलं होतं,
रविवार कारंजावरची दुकानं मिटली होती.
आहेर भाऊंनी चहा पाजला, पैसे दिले, मोजलेसुद्धा नाहीत.
दिवाळी गेली.
मला पाथर्डी फाट्याला चाळीस फ्लॅटांचं काम लागलं.
एकवीस दिवाळ्या गेल्या.
भाऊ आता भिंतीवर, फोटोत,
त्यांच्या फोटोवरचा झिरोचा दिवासुद्धा
ह्याच जोडावर जळतोय.

मुदस्सरनं अक्षर बघितलं,
मग माझ्या खिशातली पेन्सिल बघितली,
आणि पक्कड उचलून नको तिथं काहीतरी कापत बसला.

दोन दिवस लागले.
वरच्या खोलीला मीटरपासून वेगळी चारची,
एसीला वेगळी चारची,
हिरवी अर्थिंगची, जी कधी नव्हतीच.
नव्या डब्यावर मुदस्सरनं मार्करनं लिहिलं:
गोकुळ. एसी. फ्रिज. देवघर.

बिल मी लिहिलं.
वायर, डबा, खटके, मजुरी.
शेवटची ओळ: जुने काम काढणे.
त्यापुढे आकडा नाही.
वहिनींनी चष्मा लावला,
हे कोरं का ठेवलंय?

म्हटलं, ते माझ्याकडचं.

त्यांना वाटलं सूट दिली.
चहा टाकला, साखर जास्त.
वर गोकुळची शिट्टी झाली,
आज त्याला सुट्टी होती, भर दुपारी खिचडी,
खाली एसी चालू,
आणि मी कप हातात धरून
चार मिनिटं,
पाच,
सहा मिनिटं
खटक्याकडे बघत उभा.